जाळीची मागची बाजू

अंधेरी (पूर्व),
२१ फेब्रुवारी १९८८

ती. हलीमाबुबू हिस,
धाकटा भाऊ लतीफचा स. स. वि. वि.

आमच्या मशिदीत बायकांसाठी जागा झाली. तिला खर्च किती पडला ते आधी लिहितो, म्हणजे उद्या कोणी तुला फुगवून सांगितलं तर तुला कळेल. मधल्या जाळीचा प्लाय फुकट. गोरेगावच्या स्टुडिओत राजवाड्याचा सेट मोडला, आणि तो सेट माझ्याच कारखान्याचा होता. पट्ट्या, खिळे, सरस मिळून तीनशेच्या आत. दोन सुतारांची आठवड्याची मजुरी. रंग भीमराज पेंटरने स्वतःच्या डब्यांतला वापरला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, शेठ, देवाच्या घरचं काम आहे, एवढं माझ्या नावावर राहू द्या. हा झाला वरवरचा हिशोब. खरा खर्च पुढंच आहे. आमचे मोठे ट्रस्टी खतीबचाचा, उन्हातसुद्धा छत्री न उघडता नुसती टेकत चालतात ते, त्यांनी हो म्हणावं म्हणून मी सहा महिने दर जुम्म्याला त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो आणि त्यांच्या गोदीतल्या नोकरीच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकल्या. पाण्याच्या टाकीचा स्टँड करून दिला. आणि पहिल्या ओळीतली पंख्याखालची माझी जागा त्यांच्या जावयाला सोडली. ती मला सगळ्यांत महाग पडली. मे महिन्यात बघशील तू माझा सदरा.

हे सगळं कशासाठी, ते तू विसरली असशील, मी नाही. गेल्या उन्हाळ्यात गावी आलो होतो तेव्हा तू कोकमं निवडता निवडता बोललीस, की एवढी वर्षं गावातल्या पोरापोरींना कुराण शिकवलं, त्यातले पोरगे मशिदीत जाऊन ओळीत उभे राहिले आणि मी अजून दारातच. रमझानच्या रात्रींची ती लांब नमाज, तरावीह, एकदा महिनाभर जमातीत, सगळ्यांबरोबर इमामाच्या मागे, उभं राहून पढायची आहे, गुडघे साथ देतात तोवर. तू हसत बोललीस आणि लगेच कोकमांच्या भावावर गेलीस. पण माझे कान तुला माहीत आहेत. याच कानांवर मी धंदा उभा केला. प्रोड्यूसर चहावाल्याशी काय बोलतो ते ऐकून माझं टेंडर ठरतं.

तर आता मशिदीची मागची पडवी बायकांची. मध्ये मी जाळी उभी केली आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माणसाच्या डोक्यावर दोन हात उंच. भीमराजने प्लायवर संगमरवर असा उतरवलाय की लादीवाल्याने हात फिरवून विचारलं, माल मकराण्याचा का. बुबू, मी लिहून देतो, पन्नास वर्षं ही जाळी इथून हलत नाही. लोक लांबून बघायला येतील.

रमझान एप्रिलच्या मध्यावर लागेल. तू महिनाभर यायचंस. मैमुना पत्र वाचायला मागते आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दरवेळी विचारते की हे स. स. काय आहे. तिला आज सांगितलं, शाळेत गुरुजींनी सगळ्यांना सा. न. शिकवलं, तेव्हा बाबा म्हणाले, साष्टांग आम्ही एकालाच घालतो. तर गुरुजींनी जागच्या जागी आपल्यासाठी सप्रेम सलाम काढून दिला. ती म्हणते, असे गुरुजी तुमच्या ट्रस्टींत एक तरी हवे होते.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला झेपणार नाही.
तुझा
लतीफ


वावेघर, ता. खेड,
४ मार्च १९८८

चि. लतीफ यास,
हलीमाच्या अनेक दुआ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तू मध्ये पोस्टात फोन केलास, तसा पुन्हा करू नकोस. पोस्टमास्तर माझ्या कानाशी यंत्र धरून ओरडत होते. तू काय म्हणालास ते साऱ्या गावाला कळलं, मला सोडून. उजवा कान आता गेलाच, डावा आपल्या मर्जीनं येतो जातो. जे सांगायचं ते लिहून सांग. तुझं अक्षर अजून वाचता येतं, तेही मीच शिकवलं म्हणून.

कलमांना मोहोर बरा आहे. हाशिमच्या धाकटीनं कुराण पुरं केलं, तिच्या आईनं खिरीचं पातेलं पाठवलं. पोरगी हुशार आहे. आता शाळा सोडवायची बोलणी घरात चालू आहेत असं कळलं, तर मी खीर परत पाठवली आणि सांगितलं, शाळा चालू राहील त्या दिवशी खाईन. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा आलं. खीर जरा आंबली होती, पण खाल्ली.

आता तुझ्या जागेबद्दल. तू केलंस ते चांगलं केलंस, पण चार लोकांत उपकार केल्यासारखं बोलू नकोस. मशीद वाढवली तेव्हा तुझे ट्रस्टी वर्गणीला गावोगाव फिरले. मैमुनाने हातातल्या बांगड्या दिल्या. मी कलमांचं उत्पन्न दिलं. त्यांनी मला विचारलं, पावती कोणाच्या नावानं, भावाच्या का? मी म्हटलं, कलमं माझ्या वाटणीची आहेत. बाबांच्या मागे माझा हिस्सा मी मागून घेतला, तेव्हा गाव आठ दिवस माझ्याशी बोललं नव्हतं. तू बोलत होतास, ते मी विसरले नाही. तो हिस्सा अल्लाने नेमून दिलेला, त्यात कोणाची मेहेरबानी नाही. मशिदीतली जागाही मी तशीच समजते.

एकच विचारायचं आहे. जमातीत इमामाच्या मागोमाग सगळं करायचं असतं. तो वाकला की वाकायचं, त्यानं कपाळ टेकलं की टेकायचं. माझ्या कानांचा भरवसा नाही, मला दिसायला हवं. इमाम नाही तर नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसली तरी पुरे. तुझ्या जाळीतून तेवढं दिसतं ना, ते लिही. मगच मी निघते.

मैमुनाला माझ्याकडून दुआ. भांडू नका, आणि भांडलात तर ती म्हणेल ते खरं धर.
तुझी
हलीमाबुबू


अंधेरी (पूर्व),
२० मार्च १९८८

ती. बुबू हिस,
स. स. वि. वि.

तू निघच. दिसण्याचं म्हणशील तर जाळीची भोकं मुद्दाम बारीक ठेवली आहेत. त्याशिवाय काम पुढं सरकत नव्हतं. खतीबचाचांनी जावयाला पलीकडे उभं करून इकडून बोटं दाखवली आणि किती ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही, तेव्हा कुठं चाचांचा चढलेला चेहरा उतरला, म्हणजे जागेवर आला. पण तू त्याची काळजी सोड. तुझ्यासाठी मी लाउडस्पीकर बसवलाय, तुझ्या डाव्या कानाच्या बरोबर वर. आवाज असा की तिथं मुकासुद्धा आमीन म्हणेल.

एक वाईट बातमी म्हणजे मी स्वतः सुरुवातीला नसेन. पन्हाळ्याला एका ऐतिहासिक सिनेमाचं काम मिळालंय, किल्ल्याचा दरवाजा उभा करायचा आहे. तू म्हणशील पन्हाळ्याला दरवाजे कमी आहेत का. आहेत, पण डायरेक्टरला ते जुने वाटतात. भीमराजला घेऊन जातोय. शेवटच्या दहा रोज्यांना घरी येतो. मैमुना तुला एसटीवरून उतरवून घेईल. काही लागलं तर खतीबचाचांना सांग, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

फणसपोळी आणशील तर मैमुनाच्या हाती देऊ नकोस, मी येईपर्यंत दिसणार नाही.

आहेस तशीच रागाव आणि माया कर.
तुझा
लतीफ


अंधेरी (पूर्व),
२७ एप्रिल १९८८

चि. लतीफ यास,
अनेक दुआ.

तुझ्या घरात बसून तुलाच पन्हाळ्याला पत्र लिहिते आहे. मैमुनानं माझं सगळं छान केलं आहे. फणसपोळी संपली.

आल्या दिवशी दुपारी मशीद रिकामी असताना मैमुनाने मला पुरुषांच्या बाजूला नेऊन तुझी जाळी दाखवली. खोटं बोलणार नाही, सुंदर आहे. वेलबुट्टीवर मी हात ठेवला तर हाताला गार लागली असंच वाटलं. रात्री पलीकडे गेले. लतीफ, तू पलीकडे कधी गेला होतास का? पुढून संगमरवर आणि मागून खोका. उघडा प्लाय, आडव्या पट्ट्या, तिरके टेकू, टेकूंवर वाळूच्या गोणी. खिळ्यांची टोकं आमच्या बाजूला आलेली. खतीबांच्या बायकोची, मरियमची, ओढणी त्यात अडकून फाटली. आणि बरोबर माझ्या समोर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, राजवाडा, डावी बाजू, वरचा तुकडा. रोज रात्री मी ते वाचत अल्लापुढे उभी राहते.

तेही चालेल. मी काही भिंत बघायला आले नाही. पण दिसत काहीच नाही. तुझा लाउडस्पीकर माझ्या डाव्या कानात असा घुमतो की शब्द सगळे पिठासारखे होतात. म्हणून मी मैमुनाकडे तिरक्या नजरेनं बघत राहते. ती वाकली की मी वाकते. अल्लाकडे लक्ष कमी आणि तुझ्या बायकोच्या गुडघ्यांकडे जास्त. तरी मी बोलले नाही, कारण बायका येत होत्या. पहिल्या रात्री आम्ही मोजक्या होतो, मग वाकोल्याहून एक जण सुनेला घेऊन आली, मग मरोळच्या आल्या, पडवी भरायला लागली.

तीन दिवसांमागे नमाज चालू असताना वीज गेली. आम्ही सजद्यात होतो. इमामाचा, म्हणजे हाफिजसाहेबांचा, आवाज प्लायच्या पलीकडे राहिला. कपाळ टेकलेलं, वर उठायचा इशारा येईना. मी बाबांसाठी दुआ मागितली, माच्या नावाने मागितली, तुझ्यासाठी, मैमुनासाठी, हाशिमच्या पोरीच्या शाळेसाठी, शेवटी खतीबांच्या गुडघ्यांसाठीही मागितली. माणसं संपली, इशारा आला नाही. सगळ्या बायका तशाच. मैमुना मला म्हणाली, तिला वाटलं आज हाफिजसाहेब सजद्यात फार रडतायत, म्हणून लांबलं. मग पलीकडून चपला घालायचे आवाज आले, ते तिनं ऐकले. पुरुष नमाज संपवून घरी निघाले होते आणि आम्ही सजद्यातच होतो.

काही जणी हसल्या. मरियम रडली. मला दोन्ही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खतीबांच्या घरी गेले, हाफिजसाहेबांना बोलावलं आणि मैमुनाकरवी विचारलं, की ज्याला इमाम दिसत नाही, ऐकूही येत नाही, कोणाकडून कळतही नाही, त्याची जमात होते का? पोरगा श्रीवर्धनकडचा आहे, सरळ आहे. एक दिवस मागून घेतला, पुस्तकं पाहिली आणि सांगितलं की नाही होत. खतीब ऐकत होते. ते म्हणाले, मग बायकांनी घरी पढावी, घरी सवाब, पुण्य जास्त. मी म्हटलं, घरची नमाज मला माहीत आहे, साठ वर्षं तीच पढते आहे. पण अल्लाच्या दासींना मशिदीपासून अडवू नका हे पैगंबरांचं सांगणं तुम्हीही ऐकलंय, मीही शिकवलंय. त्यांच्या मशिदीत बायका पुरुषांच्या मागच्या ओळीत उभ्या राहायच्या, मध्ये प्लाय नव्हता. खतीबांनी छत्री उचलून हातात घेतली. मग म्हणाले, जाळी लतीफची, बोली लतीफची आणि माझी, तो आला की बघू.

तू येशील तेव्हा रमझान संपत आला असेल. म्हणून लिहिते. कोणाच्या वस्तूला मी हात लावणार नाही. पण तिच्यामागे आता उभीही राहणार नाही, आणि मी नाही म्हणून बाकीच्याही काल गेल्या नाहीत. पडवी रिकामी आहे. तुझी इच्छा असेल तर जाळी काढायला सांग, नसेल तर तसं लिही, म्हणजे मी ईदची वाट न बघता गावी जाते. तुझ्यावर राग नाही. तू मनापासून केलंस, एवढंच की बघणारे कोण ते आधी ठरवून केलंस.

उन्हात काम करतोस, रोजा जपून धर.
तुझी
हलीमाबुबू


पन्हाळा,
२ मे १९८८

ती. बुबू हिस,
स. स. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागात तीन ओळी लिहिल्या आणि टाकून दिल्या. पहिल्या ओळीत होतं, की खतीबचाचांसारख्या माणसाला सहा महिने घासून घासून मी हो म्हणायला लावलं, त्याचं कोणाला काही नाही. बाकीच्या दोन त्याहून वाईट होत्या.

मग परवा दुपारची गोष्ट. इथं आमचा दरवाजा उभा झालाय. लोखंडी खिळ्यांचा, बुरुजांचा, खरा वाटणारा. जेवणाच्या सुट्टीत सगळे मांडवात गेले, मला रोजा, मी जोहरच्या नमाजला सावली शोधत होतो. सावली एकाच ठिकाणी, दरवाज्याच्या मागे, आणि किब्ला, मक्केची दिशा, तीही नेमकी तिकडेच. अंगोछा पसरला, हात बांधले आणि समोर बघतो तर प्लाय, टेकू, गोणी, आणि भीमराजच्या अक्षरात, किल्ला, उजवी बाजू. नमाज पुरी केली. पण बुबू, खरं सांगतो, दोन वेळा मी तेच वाचलं. तीस वर्षं सेट करतोय, शेकडो भिंती उभ्या केल्या, एकीच्याही मागे मी कधी उभा राहिलो नव्हतो. उभं राहायचं कारणच नसतं.

संध्याकाळी भीमराजला विचारलं की आपण मागची बाजू का रंगवत नाही. तो ब्रश धूत होता. म्हणाला, मागं बघायला कोण असतं, शेठ, ही तुमचीच शिकवण. कामाला लागलो त्या दिवशी तुम्हीच डबा हातातून काढून घेतला होता. मग त्यानंच विचारलं, मशिदीत पलीकडे कोण असणार ते तुम्हाला माहीत नव्हतं का. तेव्हा मात्र मी त्याला रोजा सोडायची वेळ झाली असं सांगून उठलो. अजून अर्धा तास होता.

आज खतीबचाचांना वेगळं पत्र टाकलंय. लिहिलंय, की आपल्या बोलीतून मी तुम्हाला मोकळं करतो, जाळी उतरवा, काय बोल यायचा तो माझ्यावर येऊ द्या. तू गावी जायचं नाव काढू नकोस. माझं पत्र पोचलं की दुसऱ्या दिवशी जाळी उतरलेली बघशील. तो माणूस कोणाचं ऐकत नाही, माझं ऐकतो.

तू लिहिलंस त्यातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलेलं नाही. एकदाच पुरलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
लतीफ


अंधेरी (पूर्व),
६ मे १९८८

चि. लतीफ यास,
अनेक दुआ.

तुझं पत्र पोचलं, खतीबांना लिहिलेलंही पोचलं. पण जाळी त्याच्या दोन दिवस आधीच उतरली. कशी ते सांगते, तू चहा घेऊन बसू नकोस, रोजा आहे.

बायका विचारायला लागल्या की आता रमझानभर काय करायचं. मी म्हटलं, मशीद नाही तर जमात तरी करू. आपल्या शाफई पंथाच्या लोकांत बाई बायकांची इमामत करू शकते, ओळीच्या मधोमध उभी राहून. हाफिजसाहेबांना विचारलं, ते हो म्हणाले. गल्लीत सगळ्यांत मोठा हॉल कोणाचा, तर खतीबांचा. मरियमनं सतरंज्या घातल्या. मी मध्ये उभी राहिले, दोन्हीकडे बायका, कोणाला काही ऐकू यायची अडचण नाही, मला तर नाहीच. सावकाश पढले. हाफिजसाहेब तरुण आहेत, त्यांचं कुराण पळतं. माझं चालतं.

खतीब मशिदीतून घरी आले तर दाराशी चपलांचा ढीग, आत नमाज चालू. आत जाता येईना. जिन्याच्या पायरीवर बसले. जेवण आत, पाण्याचा माठ आत. दुसऱ्या रात्री त्यांच्या शेजारी आणखी चार जण बसले, कारण त्यांच्या बायका आमच्यात होत्या आणि घराच्या किल्ल्या बायकांच्या कनवटीला. तिसऱ्या रात्री पायऱ्या वरपर्यंत भरल्या. मैमुना सांगते, जावई सगळ्यांत वर, छपराच्या पत्र्याला टेकून बसला होता आणि घाम पुसत होता. मी मुद्दाम लांबवलं असं कोणी म्हणेल. म्हणू दे. रोजच्या वाट्याचं जेवढं पढायचं तेवढंच पढले.

पाचव्या दिवशी सकाळी खतीब आणि जावई हातोडी घेऊन मशिदीत गेले आणि स्वतः जाळी उतरवली. मरियमशी त्यांचं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता दोन खांबांना दोरी बांधली आहे आणि तिच्यावर मैमुनाची धुतलेली चादर, कमरेएवढी. उभं राहिलं की पुढच्यांच्या पाठी दिसतात, वाकलं की कोणाला कोणी दिसत नाही. पहिल्या रात्री हाफिजसाहेब वाकले ते मी पाहिलं आणि मी वाकले. माझ्या वेळेवर. मैमुनाच्या गुडघ्यांना आता आराम आहे.

तू खतीबांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. अक्षर जरा बिघडलंय, पण मजकूर चांगला आहे.

लवकर ये. उरलेल्या रात्री चुकवू नकोस.
तुझी
हलीमाबुबू


अंधेरी (पूर्व),
१२ जून १९८८

ती. बुबू हिस,
स. स. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. हाशिमच्या पोरीची शाळा उघडली की कळव, या खेपेला खीर ताजी खा.

तू इथं असताना एक गोष्ट बोललो नाही, समोर बोलायला जमत नाही, शिवाय तुला ओरडून सांगावं लागलं असतं. परतलो त्या रात्री मी पुरुषांच्या तिसऱ्या ओळीत होतो, पंख्यापासून लांब. हाफिजसाहेबांनी फातिहा पढून संपवली आणि आम्ही सगळे आमीन म्हणालो. आपली आमीन मोठ्यानं असते, बायकांची हळू. ती संपली, क्षणभर शांतता, आणि मागून एकटी, चांगली मोठी, उशिराची आमीन आली. आवाज तुझा. तुला सगळ्यांचे हात, खांदे बघून कळत होतं, म्हणून अर्ध्या श्वासाचा उशीर, आणि आपला आवाज केवढा लागतोय ते कळत नव्हतं, म्हणून तेवढा मोठा. मला वाटलं, आता खतीबचाचा मागे वळतील. वळले नाहीत. हाफिजसाहेबांनीही पुढचं पढणं जरा थांबवलं. पुढच्या रकातीत पुन्हा तेच. ईदपर्यंत रोज तसंच झालं, आणि शेवटी शेवटी सगळी मशीद तेवढी थांबायची. मला कानांचा गर्व आहे ते तुला माहीत आहे. या कानांनी पुष्कळ फायद्याची बोलणी ऐकली. पण तेवढ्यासाठी थांबून ऐकावं असं फारसं काही ऐकलं नव्हतं.

तू गेल्यावरच्या पहिल्या जुम्म्याला खतीबचाचांनी चप्पल घालता घालता विचारलं, बहीण परत कधी येणार. मी म्हटलं, पुढच्या रमझानला. ते म्हणाले, तोवर चुकल्यासारखं वाटेल. मग लगेच गोदीतल्या एका क्रेनच्या गोष्टीवर गेले. मी घरापर्यंत सोबत गेलो. या वेळी काही काम नव्हतं.

बायका जुम्म्याला येतात. थोड्या येतात, पण येतात, वाकोल्याची सासू-सून एकदाही चुकलेली नाही. मरियमचाचींनी मागणी केली की मागे पंखा हवा. नव्या पंख्याला वेळ लागेल असं ट्रस्टींनी ठरवलं, म्हणून पहिल्या ओळीवरचा काढून मागे लावला. जावई आता माझ्या शेजारी बसतो. घामाच्या बाबतीत आमचं चांगलं जमलंय.

गुडघ्यांना तेल लाव. पुढच्या वर्षी एसटीने नको, मी न्यायला येईन. लोभाचं काय लिहू, तू मोठी आहेस, तुझ्याकडे जास्तच असणार, त्यातला थोडा इकडे पाठवत राहा.
तुझा
लतीफ

ता. क. जाळीचं विचारलं होतंस. मढला एका बंगल्यात शूटिंगला भाड्यानं दिली होती. शूटिंग संपलं, परत न्यायला कोणी गेलं नाही. तिथला रखवालदार दशरथ सध्या तिच्यामागे कोंबड्या ठेवतो.